धाकट्याचा हातगुण

हातगुण नावाचं काहीतरी असतं, यावर त्या गॅरेजमध्ये सगळ्यांचाच विश्वास होता, आणि थोरलीचा तर सगळ्यांत जास्त. कारण तिचा तो गेला होता.

म्हणजे बाकी कामात नव्हता गेला हो! कसलीही अडून बसलेली गाडी आणा, थोरली बॉनेटखाली डोकं घालणार, दोन-चार वायरी चाचपणार, स्वतःशीच काहीतरी पुटपुटणार आणि गाडी मुकाट्याने सुरू. गिऱ्हाइकं लांबून यायची ती तिच्या नावाने. पण मागच्या कोपऱ्यात कापडाखाली एक लाल, बसकी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार उभी असायची. तिला सगळे महाराणी म्हणत. ती महाराणी तेवढी थोरलीच्या हाताने सुरू होत नसे. अण्णांनी किल्ली फिरवली की सुरू. धाकट्याने फिरवली की सुरू. थोरलीने फिरवली की स्टार्टर बिचारा कुंईकुंई करून दमायचा आणि इंजिन काही पकडायचं नाही.

अण्णा म्हणजे तिचे वडील आणि धाकटा म्हणजे पाठचा भाऊ. गॅरेज अण्णांचं, महाराणी अण्णांची, आणि महाराणीच्या वायरिंगला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही हा नियमही अण्णांचाच. एकदा थोरलीने डॅशबोर्डखाली बॅटरी मारून बघितलं, तर केवढे खवळले होते! "माझ्या पोटात हात घालतेस?" म्हणाले. तिने नाद सोडला. ज्याने आपल्या हातात पहिला पाना दिला, वायर कशी सोलायची ते बोट धरून शिकवलं, त्याच्यावर संशय घ्यायचा असतो हे कोणाला सुचणार?

आणि गंमत अशी, की एके काळी महाराणी थोरलीचीच होती. नावाने नव्हे, हाताने. पोर गाडी चालवायला शिकली ती हिच्यावरच. घाटात अशी न्यायची, की शेजारी बसलेले अण्णा एका हाताने दाराची कड धरायचे आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरायचे. ही बातमी शर्यतीच्या एका संघापर्यंत गेली. त्यांचा मॅनेजर म्हणाला, येतो, बघतो पोरगी कशी चालवते ते. थोरलीने आदल्या संध्याकाळी गाडी घासूनपुसून काढली, एक फेरी मारून आणली, सगळं झक्क होतं.

सकाळी मॅनेजर आला, आणि महाराणी अडून बसली.

थोरलीने प्लग काढले, पुसले, घातले. पुन्हा किल्ली. पुन्हा कुंईकुंई. मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागला. तिच्या हातांना असा काही कंप सुटला, की पाना बोटांत राहीना. अण्णांनी तिला बाजूला केलं. "उतर तू. धाकट्या, बस बघू." धाकट्याला तेव्हा नीट मिसरूड फुटलं नव्हतं. तो बसला, किल्ली फिरवली, आणि एका झटक्यात गाडी सुरू! मॅनेजर हसला. अण्णा म्हणाले, "आता हिचे हात थरथरतायत, घाटात नको. यालाच जाऊ द्या." धाकटा गेला, आणि संघाने धाकट्याला घेतलं.

पुढे त्याने बरेच मोसम शर्यती मारल्या. त्याचे चषक गॅरेजच्या फळीवर अजून आहेत. त्याच्या गाड्यांची इंजिनं कोणी बांधली, ते चषकांवर लिहिलेलं नसतं.

"मशीनला घाबरलेला हात कळतो, थोरले," अण्णा नंतर समजुतीने म्हणाले होते. "एकदा हातगुण गेला की गेला. वाईट वाटून घेऊ नकोस." तिने वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे दाखवलं नाही. गॅरेज मात्र सोडलं नाही. मन मारायची सवय लागली की तीही एक नोकरीच होते, रोज हजर राहावं लागतं.

आता अण्णांच्या डोळ्यांनीच त्यांना दगा दिला होता. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच कळायचं. दिवसभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि कानांनी राज्य करायचे. त्यांनी ठरवून टाकलं होतं, की महाराणी धाकट्याला द्यायची. "ज्याच्या हाताने चालते, त्याच्या घरी जाऊ दे." रविवारी धाकटा येऊन ती आपल्या गावी नेणार होता.

आणि नेमकी आत्ताच गाडी धाकट्यालाही जुमानेना. मागच्या खेपेला किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचे दिवे एकदा लागले, एकदा विझले. चालता चालता किल्लीला नुसता धक्का लागला तरी इंजिन गप्प. हा काही हातगुणाचा मामला नव्हता. इग्निशन स्विच खलास झाला होता, हे कोणाही पोराने सांगितलं असतं. बदलल्याशिवाय इलाज नव्हता, आणि अण्णांना तर दिसत नव्हतं. म्हणून पहिल्यांदाच परवानगी मिळाली.

"फक्त स्विच," अण्णांनी बजावलं. "किल्लीमागचा स्विच काढायचा, नवा घालायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

थोरलीने मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "बरं." आणि मग, का कोण जाणे, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारून बसली. "अण्णा, नवा स्विच घातल्यावर माझ्या हाताने सुरू झाली तर?"

अण्णा मोकळेपणी हसले. "तर तुझी! ठेवून घे. धाकट्याला सांगेन मी."

मस्करीत म्हणाले असतील, पण थोरलीने तो शब्द गाठीला बांधला.

रविवारी सकाळी ती लवकर कामाला लागली. बॅटरीची तार सोडली. स्टिअरिंगखालचं झाकण उतरवलं, त्याचे स्क्रू डबीच्या झाकणात ठेवले. किल्लीच्या कुलपामागे बोटं घालून स्विच चाचपला, प्लग ओढला, दोन बारके स्क्रू फिरवले आणि स्विच हातात आला. हलवला तर आत खुळखुळला. खोलून बघते तर आतल्या पट्ट्या काळ्याठिक्कर पडलेल्या, आणि भोवतीचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालेलं.

तिला एकदम हसू आलं. मग रडूही आलं. हाच तो! हाच चोर! इतकी वर्षं हा मेला आतून जळत होता, आणि ती आपली हातांना दोष देत बसली होती. धाकटा किल्ली जरा दाबून फिरवत असेल, अण्णा जरा तिरकी धरत असतील, म्हणून आतल्या पट्ट्या टेकत असतील त्यांच्या. भीती नाही, हातगुण नाही, काही नाही. जळका स्विच! ती उठून अण्णांजवळ गेली आणि तो खुळखुळणारा तुकडा त्यांच्या कानाशी हलवला. "ऐकलंत? हा होता तुमचा हातगुण."

अण्णांनी ऐकलं. म्हणाले, "असेल बाबा." आणि तोंड उन्हाकडे फिरवलं.

नवा स्विच तिने असा बसवला, जसं लेकराला झबलं घालावं. प्लग लावला, ओढून बघितला. बॅटरी जोडली. सीटवर बसली, हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले. किल्ली फिरवली. सगळे दिवे लख्ख लागले. आणखी फिरवली.

कुंईकुंईकुंई.

थांबली. पुन्हा फिरवली. कुंईकुंई. इंजिन पकडेना. नवा करकरीत स्विच, भरलेली बॅटरी, आणि गाडी तश्शीच, त्या सकाळच्यासारखी.

दारातून अण्णांचा आवाज आला. "सांगितलं होतं ना? हात लागतो, थोरले, हात!"

तिला वाटलं, स्टिअरिंगवर डोकं आपटावं. तेवढ्यात धाकटा आला. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पण चाल अजून शर्यतीवाल्याची. "काय गं ताई, दमवलं का हिने? सरक, मी बघतो." ती उतरली. तो बसला, किल्ली फिरवली. महाराणी अशी गरजली, की फळीवरचे चषक थरथरले.

"वा रे पठ्ठ्या!" दारातून अण्णा.

धाकट्याने इंजिन बंद केलं आणि हात झटकत उतरला. थोरली तिथेच उभी. पण आता रडू येत नव्हतं. कारण तिच्यातली कारागीर जागी झाली होती, आणि त्या बाईला रडायला वेळ नसतो. स्विच नवा. बॅटरी तीच. पेट्रोल तेच. मग याने असं काय केलं, जे मी केलं नाही?

"परत बस," ती म्हणाली. "एक जरा तपासायचंय. मी खाली वाकते, मी सांगितलं की किल्ली फिरव. पहिल्या घरापर्यंतच. स्टार्टर मारू नकोस."

"झाली की सुरू! आता काय?"

"बस म्हटलं ना."

फक्त स्विच, असं अण्णा म्हणाले होते. तिने आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचं ऐकलं नाही. टेस्ट लॅम्प घेऊन उताणी डॅशबोर्डखाली सरकली. टेस्ट लॅम्प म्हणजे काय, टोचणीला जोडलेला बारका बल्ब. वायरीत करंट असला की लागतो, नसला की नाही, आणि तो कोणाच्या बापाला भीत नाही. स्विचमधून इंजिनाकडे जाणाऱ्या वायरीत तिने टोचणी लावली. "फिरव."

किल्ली फिरली. बल्ब विझलेलाच. म्हणजे स्विचमधून निघालेला करंट वाटेतच कुठेतरी मरत होता.

आणि मग, उलट्या डोक्याने, तिला धाकट्याचा डावा पाय दिसला. टाच हळूच मागे सरकली, सीटच्या बुडाशी, दाराकडच्या कोपऱ्यात, गालिच्यावर टेकली आणि दबली. टक्.

बल्ब लागला.

त्याचं लक्षही नव्हतं. चहा पिताना बशी धरावी तशी ती टाच आपलं काम करून मोकळी झाली होती. थोरली त्या पिवळ्या बल्बाकडे बघत राहिली. मग हात लांब करून तिने तो गालिचा ओढला. खाली पायाने दाबायचं एक जुनं बटण, पूर्वी गाड्यांच्या हेडलाइटला असायचं तसं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद; उतरताना टाचेने पुन्हा दाबून ठेवलं, की गाडी परत मुकी. त्याच्यातून दोन वायरी निघून वरच्या वायरीला जोडलेल्या. आणि सांध्यावर टेप नाही. मेण लावलेला दोरा, घट्ट गुंडाळून गाठ मारलेला.

असे सांधे त्या गावात एकच माणूस बांधायचा.

"ताई," धाकटा कुजबुजला, "हळू बोल."

ती अजून काही बोललीच नव्हती. बाहेर आली, गुडघ्यांवर बसली. "हळू का?"

"अण्णा ऐकतील."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

टक्कल पडलेला, नातवंडं यायच्या वयाचा माणूस, आणि चेहरा वरणाचं भांडं सांडलेल्या पोराचा.

"त्या सकाळी माहीत होतं?"

"अण्णांनी बसता बसता कानात सांगितलं. टाच मागे घे म्हणाले. मी लहान होतो गं."

"नंतर मोठा झालास की! मोठा झाल्यावर?"

"अण्णा म्हणाले, ताईला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

"वा रे वा!" तिला खरोखर हसू फुटलं, आणि ते तिलाच घाण वाटलं. "माझ्या वाईट वाटण्याची केवढी काळजी तुम्हा दोघांना! तुझी इंजिनं बांधत होते ना रे मी? रात्र रात्र? तेव्हा माझ्याकडे बघून जेवण कसं जायचं तुला?"

धाकटा गाडीतून उतरला आणि अण्णांच्या खुर्चीकडे चालू लागला.

थोरलीने पक्कड घेतली. बटणाच्या दोन्ही वायरी छाटल्या, वरची मूळ वायर जशी असायला हवी तशी सरळ जोडली. छाटलेला तुकडा फेकणार, तर उजेडात तिला त्याचा रंग दिसला. पांढरी वायर, हिरव्या पट्ट्याची. तिने एका टोकाचा दोराही सोलून बघितला. आतपर्यंत हिरवा पट्टा.

ही वायर तिला माहीत होती. अशी कशी नसणार! तिनेच मागवली होती. पोरसवदा असताना, पहिल्यांदाच माल मागवायचं काम तिच्यावर सोपवलं होतं, आणि तिने जाड वायरीऐवजी हे बारकं भेंडोळं मागवून ठेवलं होतं. "याला काय आता लोणचं घालू?" म्हणून अण्णा दिवसभर ओरडले होते. असली वायर त्या गॅरेजात ना आधी आली, ना नंतर. ते भेंडोळं आलं, आणि त्याच महिन्यात मॅनेजर येऊन गेला.

तिने तो तुकडा खिशात घातला आणि गाडीत बसली. किल्ली फिरवली.

महाराणी एका झटक्यात सुरू झाली.

दारात अण्णांनी मांडीवर थाप मारली. केवढे खूश! "बघ, बघ! धाकट्याचा हात लागला की कशी बोलते! बघितलंस का, थोरले?"

धाकटा तोवर त्यांच्या खुर्चीशी जाऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "अण्णा, मी इथे आहे."

अण्णांची थाप मांडीवरच राहिली.

थोरली गाडी चालू ठेवून उतरली, त्यांच्यासमोर आली. त्यांनी मान इकडेतिकडे हलवून तिची सावली शोधली. मग घाईघाईने म्हणाले, "चोरांसाठी होतं ते. जुनं आहे. तुझ्या जन्माच्या आधीचं."

तिने वायरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. बोटांनी त्यांनी लगेच ओळखलं, मेणाचा दोरा, स्वतःची गाठ.

"हिरव्या पट्ट्याची आहे, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला आता दिसणार नाही. मला दिसतंय."

अण्णांचा अंगठा त्या गाठीवरून फिरत राहिला. शेवटी म्हणाले, आणि आवाजात राग होता, जणू गुन्हा तिचाच, "तू गेली असतीस. त्यांच्याबरोबर गेली असतीस, परत आली नसतीस. धाकट्याच्या हातात काय होतं? त्याला साधा प्लग लावता येत नव्हता. गॅरेज कोणी सांभाळलं असतं?"

"विचारलं असतंत तर थांबले असते," थोरली म्हणाली. "तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, पोरी, मला तू इथे हवीस. मी हसत थांबले असते, अण्णा. मला जी गोष्ट चांगली येत होती, तीच येत नाही असं तुम्ही मला पटवलंत."

"मी तुझं वाईट नाही केलं."

"केलंत."

एवढंच. ओरडली असती तर त्यांनाही ओरडता आलं असतं.

"आज धाकट्याला देतो म्हणालोय मी," ते पुटपुटले. "शब्द दिलाय."

"मलाही दिलाय. माझ्या हाताने झाली तर माझी." तिने कामाचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. धाकटा बाजूला झाला.

ती घाटाला लागली. वाटलं होतं, आता हात आपोआप चालतील. कुठलं काय! पहिल्याच चढाला गिअर कर्रर करून ओरडला. क्लच दाबताना गुडघ्यात कळ आली. तिसऱ्या वळणाला गाडी इतकी बाहेर गेली, की समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न देऊन वर शिवी हासडली. बरोबरच होतं त्याचं. जाडजूड, पांढऱ्या केसांची एक बाई लाल गाडीत बसून वळणं विसरत चालली होती.

वरच्या सपाटीवर तिने गाडी कडेला घेतली. खाली सगळी वळणं दिसत होती. त्या पोरीने ही कशी घेतली असती? ती खरंच तेवढी चांगली होती, की नुसती बापाची लाडकी होती? संघाने तिला घेतलं असतं, की दुपारपर्यंत घरी पाठवलं असतं? हे आता कोणी सांगू शकत नव्हतं. अण्णाही नाही. हरली असती तरी चाललं असतं, हरणं तिचं स्वतःचं तरी झालं असतं. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती हमसाहमशी रडली, ज्या वयात रडायची राहिली होती त्या वयातल्यासारखी.

मग नाक पुसलं. किल्ली मागे फिरवली. इंजिन बंद झालं, घाटातला वारा ऐकू आला.

किल्ली पुढे फिरवली. सुरू.

बंद केली. पुन्हा फिरवली. सुरू. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. रस्त्याने जाणारे मान वळवून बघत होते, की ही बाई करते तरी काय. ती आपली किल्ली फिरवत राहिली, आणि गाडी दर वेळी सुरू होत राहिली.